परसातला जुना स्विमिंग पूल नवा करताय? टाइल्सच्या आधी जमिनीखालचं पाणी बघा

गोव्यात कळंगुट-कांदोळीच्या पट्ट्यातले बंगले, खानापूरकडची फार्महाऊस, वडोदरा-इंदूरच्या जुन्या वसाहतींतली मोठी घरं, हैदराबादच्या भोवतालची शेतघरं. अशा बऱ्याच ठिकाणी परसात वीस-तीस वर्षांपूर्वी बांधलेला पूल आहे. टाइल्स निघाल्यात, कडेचा शहाबाद खचलाय, पाणी रोज उतरतंय आणि दर उन्हाळ्यात घरात एकच विषय निघतो, "यंदा पूलचं काम काढूया." काँट्रॅक्टर येतो, मोबाइलवर निळ्या मोझॅइकचे फोटो दाखवतो, चौरस फुटाचा दर सांगतो आणि दुसऱ्या दिवशी पंप लावून पूल रिकामा करायला घेतो.

थांबायचं ते इथेच. जुना पूल रिकामा करणं हे या सगळ्या कामातलं सर्वात धोक्याचं पाऊल आहे, आणि ते साधारणपणे कुणालाही न विचारता उचललं जातं.

रिकामा पूल तरंगतो तो कसा

पूल म्हणजे जमिनीत बसवलेली काँक्रीटची टाकी. आजूबाजूच्या जमिनीत पाण्याची पातळी पूलच्या तळापेक्षा वर आली की ते पाणी टाकीला खालून वर ढकलतं, होडीला ढकलतं तसंच. आत पाणी भरलेलं असेल तर त्याच्या वजनाने टाकी जागेवर राहते. आतलं पाणी काढलं की उरतं फक्त काँक्रीटचं वजन.

हिशेब करून बघा. ३० फूट लांब, १५ फूट रुंद, सरासरी ५ फूट खोल असा घरगुती पूल धरू. त्यात सुमारे ६४,००० लिटर पाणी मावतं, म्हणजे ६४ टन. तळ आणि भिंती ६ इंच जाडीच्या असतील तर नुसत्या काँक्रीटचं वजन भरतं ३१ टनांच्या आसपास. आता बाहेरचं भूजल तळापासून एक फूट वर आलं तर वर ढकलणारा जोर होतो जवळपास १३ टन. दोन फुटांना २५. तीन फुटांना ३८ टन, म्हणजे टाकीच्या वजनापेक्षा जास्त. बाजूच्या मातीची पकड थोडी मदत करते, पण तिच्यावर भरवसा ठेवून कुणी लाखोंचं काम काढू नये. टाकी पूर्ण उचलली गेली नाही तरी एक कोपरा दोन इंच वर येणं पुरेसं असतं. तळ तडकतो, पाइप तुटतात आणि दुरुस्तीचं काम नव्या बांधकामाचं होऊन बसतं.

म्हणून पहिलं काम विहिरीत डोकवायचं. घरची किंवा शेजारची विहीर असेल तर दोरीला दगड बांधून पाण्यापर्यंतची खोली मोजा आणि ती पूलच्या तळाच्या पातळीशी ताडून बघा. विहीर आणि पूल यांच्या जमिनीच्या उंचीत फरक असेल तर तोही धरा. विहीर जवळ नसेल तर पूलच्या बाजूला चार इंची भोक तळाच्या पातळीखाली जाईल इतकं पाडून घ्या. एक दिवस थांबा, पाणी किती वर येतं ते दिसेल.

गोव्यात आणि कोकणपट्टीत जांभा सच्छिद्र असतो. जून-जुलैत पाणी त्यात भरभर मुरतं आणि पातळी कित्येक फूट चढते. तिथे पूल रिकामा करण्याचे दिवस म्हणजे फेब्रुवारी ते मेचा पहिला पंधरवडा. गणपती झाल्यावर लगेच काम काढू म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पाऊस सरला तरी जमिनीतलं पाणी उतरायला वेळ घेतं. वडोदरा, इंदूर किंवा बेळगावच्या पूर्वेकडच्या काळ्या मातीत दुखणं वेगळं आहे. ती माती पाणी प्यायली की फुगते आणि भिंतींना बाजूने दाबते, उन्हाळ्यात आकसून भिंतीपासून सुटते. भरलेला पूल तो दाब आतून पेलतो, रिकाम्या पूलची भिंत एकटी पडते. हैदराबादच्या ग्रॅनाइट भागात पाणी खडकाच्या भेगांतून वाहतं, त्यामुळे एका बंगल्याचा पूल कोरडा आणि दोन प्लॉट सोडून दुसऱ्याच्या तळाशी झरा, असंही असू शकतं. तिथे ऑक्टोबरातल्या पावसाचाही हिशेब धरावा लागतो.

चांगल्या पूलच्या तळाशी, मेन ड्रेनच्या खड्ड्यात, हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह असतो. स्प्रिंगची एकतर्फी झडप. बाहेरचा दाब वाढला की ती उघडते आणि भूजल आत घेते, म्हणजे पूल तरंगण्याऐवजी थोडा भरतो. जुन्या पूलात ती बहुधा नसते, आणि असली तरी चुन्याच्या थराने घट्ट झालेली असते. नूतनीकरणात ती नवी बसवाच, खाली खडीचा थर देऊन. त्याबरोबर आणखी एक स्वस्त गोष्ट करा: पूलच्या कडेला, तळाच्या खालपर्यंत जाणारा भोकांचा पीव्हीसी पाइप, भोवती खडी, वर झाकण. पुढची पंचवीस वर्षं झाकण उघडून पाणी कुठे आहे ते बघता येईल आणि गरज पडली तर त्यातूनच पाणी उपसता येईल. टाइल्सच्या खर्चापुढे याचा खर्च दिसतही नाही, म्हणूनच बहुतेक कोटेशनमध्ये तो नसतो.

पातळी वर असताना रिकामं करणं भागच असेल तर आधी बाजूच्या खड्ड्यातून भूजल उपसून खाली आणायचं, ते काम संपेपर्यंत खालीच ठेवायचं, आणि पूलमध्ये शेवटचा फूट-दीड फूट पाणी असतानाच सर्वात खोल भागात तळाला भोकं पाडून दाब मोकळा करायचा. हे अनुभवी माणसाचंच काम आहे. मिस्त्रीच्या भरवशावर सोडू नका.

गळती कुठे आहे ते पूल भरलेला असतानाच कळतं

"पाणी उतरतंय" म्हणजे गळतंय असं नाही. मे महिन्याच्या उन्हात, वारा असेल तर, उघड्या पूलचं पाणी रोज काही मिलिमीटर नुसतं उडून जातं. वरच्या मापाच्या पूलला एक मिलिमीटर म्हणजे ४२ लिटर. तेव्हा बादली लावा. पूलच्या पायरीवर बादली ठेवायची, तिच्यात पूलच्याच पातळीइतकं पाणी भरायचं, आत-बाहेर दोन्हीकडे खूण करायची आणि चोवीस तासांनी बघायचं. दोन्ही सारखं उतरलं तर ते बाष्पीभवन. पूल जास्त उतरला तर जेवढा फरक तेवढी गळती.

ही परीक्षा दोनदा करा, एकदा पंप चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून. चालू असताना जास्त उतरत असेल तर पंपाकडून पूलकडे येणाऱ्या लाइनवर संशय घ्या. पंप बंद ठेवून आणि भर न घालता पातळी एका उंचीवर येऊन थांबली तर त्या उंचीवर काय आहे ते बघा. स्किमरचं तोंड असेल, किंवा दिव्याचा डबा. दिव्याची वायर जाते तो पाइप ही जुन्या पूलमधली नेहमीची चोरवाट. स्थिर पाण्यात सिरिंजने खाण्याचा रंग संशयाच्या जागेपाशी सोडला तर तो भेगेकडे ओढला जाताना डोळ्यांना दिसतो. तळ गळत असेल तर खालची मातीही हळूहळू वाहून गेलेली असू शकते. तशा वेळी नुसतं वरून लिंपण करून काही होत नाही.

मग काँक्रीट, मग पाइप

पूल रिकामा झाल्यावर हातोडीने टाइल्स वाजवत जा. भरीव आवाज आणि पोकळ आवाज यातला फरक कुणालाही कळतो. थोड्याच पोकळ असतील तर तेवढ्याच बदलून भागेल, पण एक तृतीयांशाच्या वर पोकळ निघाल्या तर सगळ्या काढाव्यात असं आमचं मत. जुन्या टाइल्सवर नव्या चिकटवण्याचा सल्ला स्वस्त वाटतो, पण खालचा थर सुटलेला असेल तर वरचा त्याच्यासकट सुटतो.

टाइल्स काढल्यावर भेगा दिसतील. केसासारख्या बारीक भेगा प्लास्टरच्या असतात, त्यांची भीती नाही. तळापासून भिंतीवर चढत गेलेली, दोन्ही बाजू पातळीत नसलेली भेग मात्र वेगळी. ती अजून हलते आहे का हे बघायला जुने इंजिनिअर एक साधी युक्ती करत: भेगेवर आडवी पातळ काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवायची आणि दोन-तीन आठवडे ठेवायची. काच तडकली तर टाकी अजून हलते आहे आणि आधी जमिनीचा बंदोबस्त करायला हवा. काळ्या मातीच्या भागात ही परीक्षा चुकवू नका.

तांबूस ओघळ दिसले तर आत सळई गंजलीय. तिथलं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडून, सळई घासून स्वच्छ करून, गरज असेल तिथे नवी जोडून मगच भरायचं. नुसता वरून गिलावा लावला तर गंज आत वाढत राहतो आणि दोन-चार वर्षांत तोच तुकडा पुन्हा फुगून पडतो. वॉटरप्रूफिंगमध्ये पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचे दोन हात एकमेकांना आडवे मारले जातात. कोपऱ्यात आणि पाइपभोवती गोलाई करून जाळी घालतात. पाणी गळतं ते सपाट भागातून क्वचितच, पाइप काँक्रीटमधून बाहेर पडतो तिथून जास्त. भूमिगत टाक्या आणि स्विमिंग पूलच्या वॉटरप्रूफिंगसाठी भारतीय मानक आहे, आयएस ६४९४, आणि पाणी साठवणाऱ्या काँक्रीटसाठी आयएस ३३७०. काँट्रॅक्टरला ही दोन नावं विचारा. उत्तरापेक्षा चेहऱ्यावरून जास्त कळेल.

वॉटरप्रूफिंग झालं की टाइल्सच्या आधी पूल भरून बघायचा. सात दिवस काँक्रीटला पाणी पिऊ द्यायचं, पुढचे सात दिवस रोज एका वेळी पातळी मोजायची, शेजारी बादली ठेवूनच. चौदा दिवस आणि ६४,००० लिटर पाणी लागतं म्हणून ही पायरी सर्रास गाळली जाते. टाइल्स बसल्यावर गळती सापडली तर काय, याचं उत्तर कुणी देत नाही.

पाण्याचाही प्रश्न आहेच. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने स्विमिंग पूलसाठी पिण्याचं पाणी वापरायला बंदी केली, दंड ५,००० रुपये. गोव्यात २००२ चा भूजल नियमन कायदा आहे. विहीर-बोअर खोदणं आणि टँकरने भूजल वाहून नेणं त्याच्या कक्षेत येतं. म्हणून टँकरचं पाणी मागवताना ते कुठून येतं हे विचारून घ्या. चाचणीचं पाणी फेकून देण्याऐवजी बागेला किंवा बांधकामाच्या क्युअरिंगला वापरता येतं.

जुने जीआय पाइप असतील तर त्यांचा मोह सोडा. सगळी लाइन यूपीव्हीसीची करा आणि मातीने बुजवण्याआधी दाब देऊन तपासून घ्या. पंपाबाबत एक गोष्ट पैशाची आहे. जुना एकाच वेगाचा पंप गरजेपेक्षा मोठा असतो. पंपाचा वेग निम्मा केला तर वीज साधारण आठव्या हिश्श्यावर येते. दुप्पट वेळ चालवला तरी एकूण खर्च चौथा हिस्सा. प्रत्यक्षात इतकं तंतोतंत जमत नाही, पण वेग बदलता येणारा पंप महाग असूनही परवडतो तो यामुळे. घरगुती पूलचं सगळं पाणी सहा ते आठ तासांत एकदा फिल्टरमधून जावं, एवढं धरून पंप निवडा. मोठा पंप आणि लहान फिल्टर ही जोडी वाळूतून कचरा परत पूलमध्ये ढकलते.

जीव वाचवणाऱ्या दोन दुरुस्त्या

जुन्या पूलात तळाशी एकच मेन ड्रेन असतो, वर सपाट जाळी. पंप चालू असताना लहान मुलाचं पोट किंवा केस त्या जाळीला लागले तर ओढ इतकी असते की मोठ्या माणसालाही सोडवता येत नाही. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ मध्ये अशीच घरगुती हॉट टबच्या ड्रेनला अडकून गेली. तिच्या नावाने २००७ मध्ये तिथे कायदा झाला आणि सार्वजनिक पूलांत अडकणार नाही अशी झाकणं सक्तीची झाली. आपल्याकडे घरच्या पूलची तपासणी करायला कुणी येत नाही, म्हणून हे मालकानेच बघायचं: एका पंपाला दोन ड्रेन, एकमेकांपासून किमान तीन फुटांवर, आणि दोन्हींवर फुगीर झाकण. तळ फोडलेलाच असतो तेव्हा हे काम सोपं जातं, नंतर जवळपास अशक्य.

दुसरी वीज. जुन्या पूलात २३० व्होल्टचे दिवे पाण्यात बसवलेले सापडतात. ते काढा. पाण्यातला दिवा १२ व्होल्टचाच हवा, ट्रान्सफॉर्मर पूलपासून लांब, पंप आणि दिव्यांच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि शिडी, कठडा, काँक्रीटमधली सळई हे सगळं एकत्र जोडून अर्थिंग. हे काम पूलवाल्याचं नाही, लायसन्सधारक इलेक्ट्रिशियनचं.

आणि काम चालू असतानाची गोष्ट. अर्धवट फोडलेल्या पूलमध्ये वळवाच्या एका पावसात दोन-अडीच फूट गढूळ पाणी जमतं. तळ दिसत नाही, बाजू निसरड्या, शिडी काढलेली. मजुरांची मुलं आसपास खेळत असतात. पहिल्या दिवसापासून चार फुटी कुंपण घाला, आणि साचलं पाणी त्याच दिवशी काढा. डासांसाठीही ते हवंच.

खोली कमी करावी का?

बहुतेक घरांत करावी. जुन्या पूलांना सूर मारण्यासाठी आठ-नऊ फुटांचं टोक असे. आता तिथे कुणी सूर मारत नाही, आजी-आजोबा आणि नातवंडं साडेचार फुटांत खूश असतात. खोल भाग भरून घेतला तर पाणी, औषधं, वीज सगळं कमी लागतं. भरताना मात्र माती टाकून वर स्लॅब हा उपाय करू नका, माती बसते आणि स्लॅब तडकतो. साधं काँक्रीट भरा. त्याचं वजन पाण्याच्या सव्वादोन-अडीच पट असल्यामुळे टाकी तरंगण्याची भीतीही तेवढी कमी होते. हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह वरच्या नव्या तळापर्यंत आणायला विसरू नये.

मुलं परदेशी आणि घरात दोनच माणसं, अशीही घरं आपल्याकडे थोडी नाहीत. तिथे पूल पूल म्हणून ठेवायलाच हवा असं नाही. वर स्लॅब टाकून पावसाच्या पाण्याची टाकी करता येते. गोव्याच्या किनाऱ्यावर वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. १,५०० चौरस फुटांच्या छपरावरून एवढं पाणी येतं की ही टाकी चार-पाच वेळा भरेल. फक्त मे महिन्यात टाकी रिकामी आणि जूनमध्ये भूजल वर, असा महिना येतो, म्हणून व्हॉल्व्ह तिथेही लागतोच.

टाइल्स, आणि पहिलं पाणी

टाइल्सबद्दल थोडक्यात. बाथरूमच्या भिंतीच्या ग्लेझ्ड टाइल्स पाणी पितात, त्या पूलमध्ये नकोत. पूर्ण व्हिट्रिफाइड किंवा काचेचं मोझॅइक घ्या. मोझॅइकच्या मागे कागदी जाळी असेल तर ती पाण्याखाली कुजते, पुढून कागद लावलेलं बरं. ग्राउट इपॉक्सीचा. कडेला शहाबाद किंवा कोटा असेल तर ॲसिड वॉश करणाऱ्यावर लक्ष ठेवा, हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत आणि ॲसिडने खातात. मिठाचा क्लोरिनेटर बसवायचा असेल तर आपल्या मापाच्या पूलला दोनशे किलोच्या वर मीठ लागेल, आणि ते पाणी पुढे कधीही सुपारीच्या किंवा आंब्याच्या मुळाशी सोडता येणार नाही.

चिकटवण आणि ग्राउट सुकायला बनवणाऱ्याने सांगितलेले दिवस पूर्ण द्या. पाहुणे रविवारी येणार आहेत म्हणून शुक्रवारी पाणी सोडू नका. भरण्याआधी पाण्याची तपासणी करा. जांभ्यातल्या बोअरच्या पाण्यात लोह असतं. ते पाणी स्वच्छ दिसतं, पण क्लोरीन पडताच तांबूस होतं आणि नव्या पांढऱ्या ग्राउटवर डाग बसतो. हैदराबादकडच्या जड पाण्यात उलट पांढरा थर चढतो. नवं सिमेंट पहिला महिनाभर चुना सोडत राहतं, त्यामुळे पीएच वर चढतो. रोज तपासून तो ७.२ ते ७.८ मध्ये ठेवा, मोकळं क्लोरीन एक ते तीन पीपीएम. जुनी ब्लीचिंग पावडर आणि नव्या क्लोरीनच्या गोळ्या एका बादलीत कधीही एकत्र करू नका, दोन्हींची रसायनं वेगळी असतात आणि एकत्र आली की पेट घेऊ शकतात. पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. जुना डबा पंपघरात पडलेला असेल तर नवा माल आत ठेवण्याआधी तो बाहेर काढा.